मुंबई बघायला निघताय? आधी भाग निवडा, ठिकाणं नंतर

कणकवली असो, चिपळूण असो की अलिबाग, मुंबई बघायला निघालेल्या घरातली यादी सहसा सारखीच असते. गेटवे, म्हातारीचा बूट, राणीची बाग, सिद्धिविनायक, हाजी अली, माउंट मेरी, जुहू, नॅशनल पार्क, आणि जमलं तर एलिफंटा. यादीतलं एकही ठिकाण टाकाऊ नाही. पण ही यादी वरून खाली उरकायला निघालेलं कुटुंब पहिल्याच दिवशी भर दुपारी दादरच्या पुलावर उभं असतं: पोरं रडकुंडीला आलेली, आईचे गुडघे बोलायला लागलेले आणि निम्मा दिवस लोकल-टॅक्सीत गेलेला.

म्हणून यादी ठिकाणांची करू नका, भागांची करा. एका दिवसाला जास्तीत जास्त दोन भाग, तेही एकाच रेल्वे मार्गावरचे किंवा पायी जोडता येणारे. ते कसे निवडायचे, ते खाली क्रमाने दिलंय. क्रम बदलू नका, कारण प्रत्येक पायरीवर यादी थोडी छाटली जाते आणि पुढची पायरी उरलेल्या यादीवरच चालते.

१. नकाशा उघडण्याआधी चार उत्तरं

कागदावर चार गोष्टी लिहा.

पहिली, मुक्काम कुठे. कोकणातला माणूस हॉटेलात क्वचित उतरतो. काका डोंबिवलीला, मावशी नालासोपाऱ्याला, गाववाले दिव्याला. तिथून दक्षिण मुंबईत जायला एका बाजूने सव्वा-दीड तास धरा, म्हणजे जाऊन-येऊन तीन तास. हे तीन तास दिवसातून आधीच वजा करायचे. आठ तासांचा बेत आखून मग ते कुठे बसवायचे याचा विचार करू नका.

दुसरी, बरोबर कोण. लोकलचे पूल चढू न शकणारं एक माणूस बरोबर असलं तर दिवसाला एकच भाग. तिथे दोन नाहीतच.

तिसरी, कोणते वार. याची गरज तिसऱ्या पायरीत पडेल.

चौथी, कोणता महिना. दिवाळीनंतर ते शिमग्याआधीपर्यंतचा काळ सगळ्यात बरा. मे महिन्यात उकाड्याने जीव जातो, आणि ज्यांच्याकडे उतरायचं ते चाकरमानी नेमके तेव्हा गावी तुमच्या शेजारी असतात. गणपतीत तर कोकणातून मुंबईला जायचा प्रश्नच येत नाही. तरी कुणी गेलंच, तर लालबाग-परळ-गिरगाव हे भाग बघण्यासाठी धरू नयेत. तिथे फक्त गर्दी बघायला मिळेल.

तपासा: तुमची गाडी नक्की कुठपर्यंत जाते? कोकणकन्या पहाटे सीएसएमटीला पोहोचते, तुतारी सकाळी दादरला. काही गाड्या कामांमुळे ठाण्याला किंवा दादरलाच थांबवतात, आणि पावसाळ्यात कोकण रेल्वेचं वेळापत्रकच वेगळं असतं. एसटीने आलात तर मुंबई सेंट्रल, परळ, बोरिवली यांपैकी कुठे उतरणार, तेही लिहा. पहिल्या आणि शेवटच्या दिवसाचा भाग यावर ठरतो.

२. पट्टे पाडा

मुंबई दक्षिण-उत्तर लांब आणि पूर्व-पश्चिम अरुंद आहे. उभ्या दिशेने लोकल झपाट्याने नेते. आडवं जायचं म्हटलं की रस्त्यावर यावं लागतं आणि तिथे वेळेची खात्री संपते. नकाशात वांद्रे ते कुर्ला बोटभर दिसतं. संध्याकाळी टॅक्सीत बसून बघा.

यादीतल्या प्रत्येक ठिकाणापुढे त्याचा मार्ग लिहा.

पश्चिम रेल्वे चर्चगेटहून निघते: मरीन लाइन्स, चर्नी रोड, ग्रँट रोड, मुंबई सेंट्रल, महालक्ष्मी, प्रभादेवी, दादर, माहीम, वांद्रे, अंधेरी, बोरिवली, विरार. मध्य रेल्वे सीएसएमटीहून: मशीद, भायखळा, चिंचपोकळी, करी रोड, परळ, दादर, माटुंगा, सायन, कुर्ला, घाटकोपर, ठाणे आणि पुढे कल्याण. हार्बर मार्ग सीएसएमटीहून डॉकयार्ड रोड, शिवडी, वडाळा करत एकीकडे कुर्ला-वाशी-पनवेलला आणि दुसरीकडे वांद्रे-अंधेरी-गोरेगावला जातो. हार्बर दादरला जात नाही. पनवेल-खारघरला उतरलेले पाहुणे हे विसरतात आणि दादरचा बेत आखून बसतात. त्यांना कुर्ल्याला गाडी बदलावी लागते, म्हणून त्यांनी हार्बरवरून सरळ सीएसएमटीला येऊन फोर्ट-कुलाबा धरणं सोपं.

आता यात एक मोठी सोय वाढली आहे. भुयारी मेट्रो, म्हणजे ॲक्वा लाइन, ऑक्टोबर २०२५पासून आरे ते कफ परेड अशी पूर्ण धावते. तिची स्टेशनं बघा: विधान भवन, चर्चगेट, हुतात्मा चौक, सीएसएमटी, काळबादेवी, गिरगाव, सायन्स सेंटर, वरळी, सिद्धिविनायक, दादर, शीतलादेवी. लोकल ज्या भागांच्या कडेने जाते, त्यांच्या पोटात ही उतरवते. गिरगाव, काळबादेवी, वरळी आणि प्रभादेवी यांतले दोन भाग एका दिवशी बसवायचे तर हिच्यामुळेच बसतात. घाटकोपर–अंधेरी–वर्सोवा ही जुनी मेट्रो हिला मरोळ नाका इथे मिळते. ठाण्याकडून येणाऱ्याला पश्चिम उपनगरात जायला तो मार्ग दादरच्या पुलापेक्षा केव्हाही बरा.

सावध: जलद लोकल मशीद, चिंचपोकळी, करी रोड, माटुंगा इथे थांबत नाही. आणि माटुंगा मध्य रेल्वेवर, माटुंगा रोड पश्चिम रेल्वेवर, दोन्ही वेगळी. भेटायची जागा ठरवताना पूर्व की पश्चिम हेही सांगा, नाहीतर दोघं पुलाच्या दोन टोकांना उभे राहून एकमेकांना फोन लावत बसाल.

३. वार लावून बघा

ही पायरी बहुतेक लोक गाळतात आणि मग बंद फाटकासमोर फोटो काढून परततात.

सोमवार सगळ्यात अवघड. एलिफंटा बंद, संजय गांधी राष्ट्रीय उद्यान बंद (कान्हेरीची लेणी उद्यानातच आहेत), नेहरू तारांगण बंद, आधुनिक कलेचं राष्ट्रीय संग्रहालय बंद. दादरची बरीचशी दुकानंही सोमवारी बंद असतात, तेव्हा लग्नाचा बस्ता काढायला सोमवारी दादरला येऊ नका. माटुंग्याची नावाजलेली उडुपी उपाहारगृहंही बहुतेक त्याच दिवशी सुट्टी घेतात. सोमवारी फोर्ट, गिरगाव नाहीतर वांद्रे धरा.

मंगळवारी सिद्धिविनायकाला रांग मोठी. अंगारकी असेल तर प्रभादेवी हा भाग त्या दिवशी यादीतून काढाच, अर्थात दर्शनासाठीच आला नसाल तर. बुधवारी राणीची बाग बंद, आणि माहीमच्या सेंट मायकल चर्चमध्ये नोव्हेना प्रार्थनेची गर्दी. शुक्रवारी चोरबाजारातली नेहमीची दुकानं बंद असतात, पण पहाटे रस्त्यावर जुन्या वस्तूंचा बाजार भरतो. तो बघायचा तर सूर्य वर यायच्या आत जायचं.

रविवारी क्रॉफर्ड मार्केट, मंगलदास मार्केट, झवेरी बाजार हे भाग निम्म्याहून अधिक बंद. उलट फोर्टमध्ये रविवारी रस्ते मोकळे असतात आणि मान वर करून इमारती बघता येतात. आठवड्याच्या दिवशी तसं चाललात तर हापिसात निघालेला कुणीतरी अंगावर येतोच. फक्त रविवारी तिथली खाण्याची बरीच ठिकाणं बंद असतात, एवढं ध्यानात ठेवा.

रविवारचा दुसरा मुद्दा मेगाब्लॉक, म्हणजे रेल्वेच्या कामांसाठी काही स्टेशनांमधली लोकल बंद ठेवतात तो वेळ. मध्य आणि हार्बर मार्गावर साधारण सकाळी अकरा ते दुपारी चारच्या दरम्यान तो असतो. पश्चिम रेल्वेवर कधी रात्री, कधी दिवसा. शनिवारच्या पेपरात किंवा रेल्वेच्या समाजमाध्यमांवर कुठल्या स्टेशनांमध्ये आहे ते बघा आणि दहाच्या आत निघा.

आणखी एक. तारापोरवाला मत्स्यालय बरीच वर्षं बंद आहे. तरी पोरांना मासे दाखवायला म्हणून माणसं अजून तिथे टॅक्सी करून जातात.

४. भरती-ओहोटी: इथे आपण मुंबईकरांच्या पुढे

हाजी अलीची वाट मोठ्या भरतीला पाण्याखाली जाते. ओहोटीला गिरगाव चौपाटी-जुहूची वाळू लांबवर मोकळी होते, भरतीला किनारा चिंचोळा होतो. पावसाळी उधाणाला मरीन ड्राइव्ह आणि वरळी सी फेसवर लाटा कठड्यावरून रस्त्यावर येतात. मुंबईत राहणाऱ्या कितीजणांना आज भरती कधी ते माहीत असतं कोण जाणे, पण किनाऱ्यावरच्या घरात हे गणित वडीलधाऱ्यांना तोंडपाठ असतं: तिथीला पाऊणपट करा, येईल तो भरतीचा वाजलेला काटा.

चतुर्थीला चार गुणिले पाऊण, म्हणजे तीन: पहाटे आणि दुपारी तीनच्या सुमारास भरती. अष्टमीला सहा. एकादशीला सव्वाआठ. पौर्णिमा-अमावास्येला सव्वाअकरा ते बारा. तिथून सहा तासांनी ओहोटी. शुद्ध-वद्य दोन्ही पक्षांत हेच. पंचमीपासून पुढे उधाण ओसरून अष्टमीच्या आसपास भांगाची भरती येते, पाणी फार चढत नाही.

याचा उपयोग असा. पौर्णिमेच्या आसपास हाजी अली दुपारी बारा-एकला धरू नका. सकाळी लवकर किंवा दुपारी चारनंतर जा. त्याच दिवशी संध्याकाळी ओहोटी असल्याने चौपाटीवर पोरांना पळायला वाळू भरपूर. अष्टमीला नेमकं उलट: संध्याकाळी पाणी वर, किनारा आखूड, पण मरीन ड्राइव्हच्या कठड्यावर बसायला तीच वेळ छान.

हे गणित अदमासाचं आहे. पावसाळ्यात त्यावर विसंबू नका, त्या दिवसाचं छापील वेळापत्रक बघा. भरती साडेचार मीटरच्या वर आणि तेव्हाच जोरदार पाऊस असला की हिंदमाता, अंधेरी सबवे असे सखल भाग तुंबतात. त्या दिवशी दूरचा भाग निवडायचाच नाही.

५. निर्दयपणे छाटा

आता यादीवर तीन प्रश्न लावा.

हे मला गावाकडे बघायला मिळतं का? जुहूचा किनारा वाईट नाही, पण तारकर्ली, गुहागर, गणपतीपुळे सोडून आलेल्या माणसाने त्यासाठी अंधेरीपर्यंत जाऊन तिथून रिक्षात अर्धा तास घालवावा, हे मला कधीच पटलेलं नाही. हाच प्रश्न ससून डॉकला लावला तर उत्तर वेगळं येतं. मासळीचा लिलाव आपल्याकडेही होतो, पण पहाटे पाचला कुलाब्यात चालणारी उलाढाल आणि कोळणींचा आवाज हा वेगळाच मामला आहे. मासळी ज्याला कळते, त्यालाच तो खरा समजतो. मात्र १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींना मासेमारी बंद असते, तेव्हा डॉक थंडच. आणि एरवीही आत कॅमेरा काढण्याआधी विचारा, तिथे फोटोला बंधनं आहेत.

दुसरा प्रश्न: या ठिकाणाच्या पायी पंधरा मिनिटांत आणखी काही आहे का? नसेल तर ते एकटं ठिकाण आहे, आणि एकटं ठिकाण अख्खा अर्धा दिवस खातं. एलिफंटा तसं: गेटवेहून बोटीने सुमारे तासभर, वर चढायला शंभरावर पायऱ्या, परत तासभर. नॅशनल पार्क तसंच. कान्हेरी गेटपासून सहा-सात किलोमीटर आत आहे, उद्यानाची बस असते पण वाट बघावी लागते. ही ठिकाणं घ्यायची तर त्या दिवशी दुसरं काही नाही. "जाता जाता एलिफंटा" असं काही नसतं.

तिसरा: हे कुणासाठी आहे? पोरांसाठी, आईसाठी, तुमच्यासाठी? ज्याचं उत्तर "सगळे जातात म्हणून" असं येईल, ते खोडा.

तपासा: एवढं झाल्यावर यादीत दिवसाला दोनपेक्षा जास्त भाग उरले असतील, तर पहिल्या प्रश्नाचं उत्तर प्रामाणिकपणे दिलेलं नाही.

६. जोड्या लावा

उरलेल्या भागांच्या जोड्या करा. चालणाऱ्या जोड्या अशा.

फोर्ट आणि कुलाबा. पहिल्यांदा येणाऱ्याने हीच घ्यावी. सीएसएमटीच्या समोर रस्ता ओलांडून महापालिकेच्या बाजूला उभं राहा, तिथून स्टेशनची इमारत पूर्ण दिसते. मग हुतात्मा चौक, हायकोर्ट आणि राजाबाई टॉवरच्या बाजूने ओव्हल मैदान. मैदानाच्या एका कडेला गॉथिक इमारती, दुसऱ्या कडेला आर्ट डेको. या दोन्ही मिळून २०१८मध्ये जागतिक वारसा ठरल्या. तिथून काळा घोडा. तिथल्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाला निदान अडीच-तीन तास लागतात. तेवढे नसतील तर आत शिरू नका, जहांगीर कलादालन बघून पुढे गेटवेला जा. सगळं पायी होतं. कुलाबा कॉजवेवर खरेदी शेवटी, नाहीतर पिशव्या दिवसभर वागवाल. भाव सांगितला की निम्म्याच्या खालून सुरुवात करा. विकणाऱ्यालाही तेच अपेक्षित असतं.

गिरगाव आणि मलबार हिल. ही जोडी मराठी माणसाने सोडू नये, आणि नेमकी हीच यादीत कधी नसते. गिरगाव मेट्रो किंवा चर्नी रोडला उतरा. ठाकूरद्वार, मुगभाट, फणसवाडी, खोताची वाडी. खोताच्या वाडीतली लाकडी घरं आपल्याकडच्या माडीच्या घरांची सख्खी भावंडं वाटतात, पण तिथे माणसं राहतात. व्हरांड्यात डोकावून फोटो काढू नका. ठाकूरद्वारच्या आसपास मिसळ-बटाटेवडा खाऊन घ्या. दुपारी टॅक्सीने वर, म्हणजे म्हातारीचा बूट आणि हँगिंग गार्डन. तिथला झाडांतून जाणारा नवा उंच लाकडी मार्ग बघायचा असेल तर वेळ आधी ऑनलाइन आरक्षित करावी लागते. उतरताना बाणगंगा, संध्याकाळी चौपाटी. चढ एकदाच आणि तोही टॅक्सीने, असा हा क्रम आहे. उलटा केला की थकलेल्या पायांनी गिरगावच्या गल्ल्या येतात.

दादर आणि माटुंगा. खरेदी, खाणं आणि मराठीपण. फुलबाजार बघायचा तर सकाळी सातच्या आत. रानडे रोड, शिवाजी पार्क, चैत्यभूमी. पियूष-साबुदाणावडा नाहीतर मिसळ. दुपारी माटुंग्याला पाच उद्यानांच्या सावलीत. संध्याकाळी शिवाजी मंदिरला नाटक लागलेलं असेल तर जुहूपेक्षा मी ते निवडेन. ६ डिसेंबरच्या आसपास हा भाग लाखो अनुयायांनी भरलेला असतो. अभिवादनाला जात असाल तर गोष्ट वेगळी, एरवी फिरण्यासाठी ते दिवस टाळा.

भायखळा आणि लालबाग. पोरांना राणीच्या बागेतले पेंग्विन, घरच्या बायकांना लालबागची मिरची गल्ली आणि चिवडा गल्ली. घरचा मसाला करणाऱ्यांनी फेब्रुवारी-मार्चमध्ये गेलात तर मिरची निवडण्यापासून कांडपापर्यंत सगळं एका जागी. वजनाची पिशवी मात्र परतीला घ्या.

वांद्रे. याला जोडी नको. रानवर, चॅपल रोड, माउंट मेरी, किल्ला, बँडस्टँड एवढ्यात दुपार आणि संध्याकाळ भरते. सप्टेंबरात माउंट मेरीची जत्रा असते, तेव्हा फक्त जत्रेसाठी जा.

क्रॉफर्ड ते भुलेश्वर. मुंबादेवी, झवेरी बाजार, मंगलदास. खरेदी असेल तरच. लहान मूल कडेवर घेऊन या गल्ल्यांत शिरू नये.

७. दिवसातला क्रम

सकाळी आठ ते अकरा गर्दी दक्षिणेकडे जाते, संध्याकाळी साडेपाच ते नऊ उत्तरेकडे. तुमचा मुक्काम उत्तरेला आणि बघायचं दक्षिणेला, म्हणजे दोन्ही वेळा तुम्ही गर्दीच्याच दिशेने. सुटका दोनच: सातच्या आत निघा नाहीतर अकरानंतर. परतताना पाचच्या आत गाडी पकडा, नाहीतर सरळ जेवून साडेनऊनंतर. सहा वाजता चर्चगेटला पोरं आणि पिशव्या घेऊन विरार लोकल पकडायचा प्रयत्न करू नका. त्यापेक्षा मरीन ड्राइव्हवर बसा. तिथून उठायची घाई नाही.

जिथे उन्हात चालायचं आहे तो भाग सकाळी, छपराखालचा दुपारी, समुद्र संध्याकाळी. भरतीचं गणित वेगळं सांगत असेल तर ते ऐका.

दक्षिण मुंबईत रिक्षा नाही. पश्चिमेला वांद्र्याच्या आणि पूर्वेला सायनच्या खाली फक्त टॅक्सी आणि बस. "दादरला उतरून रिक्षा करू" हे वाक्य दर सुट्टीत कुणीतरी म्हणतंच. टॅक्सीत चौघंच बसतात, तेव्हा पाचवं माणूस असलं की दोन टॅक्सींचा खर्च धरा.

लोकलचं १, ३ किंवा ५ दिवसांचं पर्यटक तिकीट मिळतं, ते घेतलं की रांगा टळतात. ते मेट्रो आणि बेस्टला चालत नाही.

सावध: साध्या तिकिटावर एसी लोकल किंवा पहिल्या वर्गात चढलात तर दंड होतो. घाईत डबा बघितला जात नाही, म्हणून गाडी यायच्या आधी फलाटावर योग्य जागी उभे राहा.

८. एक बेत करून बघू

समजा कणकवलीचं कुटुंब आहे: नवरा-बायको, शाळकरी दोन पोरं, आजी. मुक्काम डोंबिवली. शुक्रवार-शनिवार-रविवार. परत रविवारी रात्री सीएसएमटीहून कोकणकन्या.

शुक्रवारी पहाटे ठाण्याला उतरून डोंबिवली. त्या वेळी उलट दिशेची लोकल रिकामी असते. आंघोळ, न्याहारी, आणि अकरानंतर जलद लोकलने भायखळा. राणीची बाग, एवढंच. रात्रीच्या प्रवासाने पोरं आधीच अर्धी झोपेत असतात, त्यांना त्या दिवशी दुसरं काही दाखवून उपयोग नाही. पाचच्या आत परत.

शनिवारी दादर. सकाळी खरेदीला हात न लावता मेट्रोने सिद्धिविनायक. मंगळवार नसल्याने रांग आटोक्यात. परत दादर, जेवण, शिवाजी पार्कच्या कट्ट्यावर आजींना बसवून पोरांना खेळू द्या, मग रानडे रोड. नाटकाचं तिकीट मिळालं तर रात्री उशिराची, बसायला जागा असलेली लोकल.

रविवारी सगळं सामान घेऊनच निघायचं, मेगाब्लॉक लागायच्या आत. सीएसएमटीच्या क्लोक रूममध्ये बॅगा ठेवा; कुलूप नसलेली बॅग घेत नाहीत, म्हणून कुलपं गावाहूनच आणा. मग फोर्ट, गेटवे, संध्याकाळी टॅक्सीने मरीन ड्राइव्ह, रात्री त्याच स्टेशनवर परत. शेवटचा भाग गाडी सुटते त्या स्टेशनाजवळचा ठेवला की गाडी चुकायची धास्ती राहत नाही.

खोडलेली ठिकाणं: जुहू, नॅशनल पार्क, माउंट मेरी, हाजी अली, एलिफंटा. डोंबिवलीहून बोरिवली गाठायला दोनेक तास जातात, आणि आजींना एलिफंटाच्या पायऱ्या नकोतच. हेच कुटुंब नालासोपाऱ्याला उतरलं असतं तर नॅशनल पार्क राहिलं असतं आणि भायखळा गेलं असतं. बेत असा मुक्कामावरून फिरतो, म्हणून दुसऱ्याचा बेत उचलून आपल्याला लावता येत नाही.

९. आदल्या रात्री

दहा मिनिटं पुरतात. उद्याचा वार आणि बंद ठिकाणं, ब्लॉक, तिथी आणि भरती, पाऊस. हरवलात तर भेटायची जागा ठरवा. "स्टेशनवर" असं नको, "दादर पश्चिम, फुलबाजाराच्या बाजूचं तिकीटघर" असं. पोरांच्या खिशात मोबाइल नंबराची चिठ्ठी. पाण्याच्या बाटल्या. स्वच्छतागृहं म्हणाल तर मेट्रो स्टेशन आणि वस्तुसंग्रहालयातली बरी असतात, तेव्हा तिथून निघताना सगळ्यांनी जाऊन या, गरज नसली तरी.

आणि ज्यांच्याकडे उतरलात त्यांना उद्याचा भाग सांगून ठेवा. ते पंचवीस वर्षं मुंबईत असतील, पण बेत बदलायचा सल्ला दिला तर एकच विचारा: तिथे ते स्वतः शेवटचे कधी गेले होते?